हजेरीपट आणि सरकारचा हातभार

पनवेलच्या खाडींत गलबतें लागत आणि बोरघाट उतरून आलेल्या बैलगाड्या बंदराच्या वाटेवर ओळीनें उभ्या असत, त्या काळीं गाडीचीं चाकें घडविणें हा त्या गांवचा मोठा उद्योग होता. देशावरचा गाडीवान आपला माल उतरवी आणि परततांना येथून चाकांची एक जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत सांपडते. अशा कारखान्यांत माणसें तीं किती असणार? धनी, त्याचा मुलगा, दोन-चार कारागीर आणि चाकावर लोखंडी धांव चढवितांना भाता ओढणारें एखादें पोर. धंदा चालला कीं सर्वांच्या चुली पेटत. थांबला म्हणजे मात्र फरक दिसे. धन्याच्या कणगींत महिना-दोन महिन्यांचें भात असे. कारागिराच्या घरीं दुसऱ्याच आठवड्यांत उसनवारी सुरू होई.

कारागिराची ही अडचण फार जुनी आहे. धंद्यावर अवचित गदा आली असतां हाताखालच्या माणसांची मजुरी कोणीं द्यावी, धन्यानें कीं सरकारनें, हा प्रश्न मात्र त्या मानानें नवा आहे. गेल्या दीडशें वर्षांत सरकारनें त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. तीं उत्तरें पनवेलसारख्या गांवांत उभें राहून पाहिलीं, म्हणजे त्यांतील मर्म अधिक स्पष्ट होतें.

खंडाळ्याच्या घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि देशावरचा व्यापार पनवेलच्या बंदराशीं जोडला गेला. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, यावरून त्या भरभराटीची कल्पना येते. पुढें १८६३ सालीं लोहमार्ग बोरघाट चढून गेला. परंतु तो कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला पडलें. व्यापाराचा मोठा ओघ आगगाडीकडे वळला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनें हा मार्ग बांधला, तिच्या भागधारकांना भांडवलावर शेंकडा ५ व्याज मिळेल, अशी हमी सरकारनें करारानें दिली होती. कंपनीला तेवढा नफा झाला नाहीं, तर तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे अखेर रयतेनें भरलेल्या पैशांतून, भरून यावयाची होती. विलायतेंतील भागधारकाच्या व्याजाची हमी सरकारला देतां आली. पनवेलच्या गाडीवानाच्या किंवा चाकें घडविणाऱ्याच्या मजुरीलाही हमी असावी, हा विचार त्या काळीं राज्यकर्त्यांच्या स्वप्नांतही आला नाहीं.

सरकारनें संकटकाळीं मजुरी देण्यास सुरुवात केली ती दुष्काळांत, आणि तीही स्वतः धनी होऊन. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळांत दख्खनमध्यें रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढण्यांत आलीं आणि शेतकरी कुदळ-पाटी घेऊन त्यांवर गेले. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरीचें जें मान ठरविलें, तें दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदीं थोडे पैसे इतकें तुटपुंजें होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. मुंबई इलाख्यांत कित्येक ठिकाणीं मजूर कामें सोडून गेले. १८८० च्या दुष्काळ-मंडळाच्या अहवालानंतर प्रांतोप्रांतीं दुष्काळाच्या संहिता तयार झाल्या आणि संकटकाळीं काम देणें हें सरकारचें कर्तव्य म्हणून कागदावर आलें. या पद्धतींत व्यवहार सरळ होता. मजूर स्वतः कामावर येई, हजेरीपटावर त्याचें नांव चढे, दिवस भरे आणि पैसे त्याच्या हातीं पडत. मध्यें दुसऱ्या कोणा धन्याला स्थान नव्हतें.

परंतु सगळेच लोक कुदळ धरणारे नसतात. मागावर बसणाऱ्या विणकराला खडी फोडावयास लावलें तर त्याचे हात बिघडतात, आणि दुष्काळ सरल्यावर जुन्या सफाईनें विणणें त्याला जमत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत सोलापुरासारख्या विणकरांच्या गांवीं ही अडचण उघड झाली. तेव्हां विणकरांना त्यांच्याच धंद्यांत काम द्यावें, सूत पुरवून व मजुरी देऊन कापड विणून घ्यावें आणि मग तें विकावें, असा उपाय योजण्यांत आला. त्याचा व्याप खडीच्या कामांपुढें लहान होता. परंतु त्यांतला विचार मोठा होता. केवळ माणूस जगवून भागत नाहीं, त्याचा धंदाही जगला पाहिजे. आणि धंदा जगावयाचा तर माणूस त्याच्या जागेवरून हलतां कामा नये, हें त्यांत प्रथमच मान्य झालें.

मग सरकारनें सर्वच धंद्यांना अशी मदत कां दिली नाहीं? याचें एक कारण इंग्लंडच्या इतिहासांत सांपडतें. १७९५ सालीं धान्य अतिशय महागलें असतां बर्कशायर परगण्यांतील न्यायाधीश स्पीनहॅमलंड येथें जमले आणि त्यांनीं एक कोष्टक ठरविलें. पावाचा भाव आणि कुटुंबांतील माणसें पाहून मजुराला किती पैसे लागतील तें काढावयाचें, आणि त्याच्या मजुरींत जितकी तूट येईल तितकी गांवच्या गरीबपट्टींतून भरावयाची. हेतु दयेचा होता. पुढें टीकाकारांनीं असा आक्षेप घेतला कीं, तूट गांव भरून देतो असें कळल्यावर जमीनदार मजुरी वाढविण्याचें नांव काढीनात. म्हणजे मदत मजुराच्या नांवानें निघाली आणि धन्याच्या खिशांत गेली. हा आक्षेप कितपत खरा, याविषयीं इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. परंतु १८३४ सालच्या नव्या गरीब-कायद्यानें ती पद्धति मोडून काढली आणि तिचा धसका इंग्रजी राज्यकारभाराच्या मनांत कायमचा राहिला. मजुराला काम द्यावें. धन्याच्या हातीं पैसे देऊं नयेत, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष हिंदुस्थानांतही आला.

स्वातंत्र्यानंतर मजुरीकडे पाहण्याची दृष्टि बदलली. १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला, १९५२ सालीं प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला. कामगाराच्या पगारांतून कांहीं भाग कापावयाचा, धन्यानें आपल्या पदरचा भाग घालावयाचा आणि दोन्ही मिळून फंडांत भरावयाचे, ही पद्धति रूढ झाली. मात्र तिला उंबरठा होता. फंडाचा कायदा ज्या ठिकाणीं २० किंवा अधिक माणसें कामाला आहेत तेथेंच सक्तीचा होता. पनवेलच्या बाजारपेठेंतील मिठाईचें दुकान, छापखाना, शिंप्याचें दुकान, गाड्या दुरुस्त करण्याची जागा, यांत पांच-सात माणसें राबत. त्यांचीं नांवें सरकारच्या कोणत्याही वहींत चढण्याचें कारण नव्हतें. पुढें महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापनांच्या कायद्यानें १० पेक्षां कमी माणसें असलेल्या दुकानाला नोंदणीच्या सक्तींतून मोकळें केलें आणि नुसती सूचना दिली तरी पुरे असें ठरविलें. लहान धंदेवाल्याला ही सूट गोड वाटली. तिची दुसरी बाजू तीन वर्षांनीं दिसावयाची होती.

तत्पूर्वीं महाराष्ट्रानें एक मोठा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजनेनें लक्षावधि माणसांना काम दिलें. तिची कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ सालीं तिचा कायदा संमत झाला, १९७९ सालीं तो अमलांत आला, आणि त्याच धर्तीवर २००५ सालीं केंद्रानें देशासाठीं कायदा केला. या योजनेला पैसा कोठून आला, तें पनवेलच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. १९७५ सालीं व्यवसाय-कर बसविण्यांत आला. दुकानदार आणि कारखानदार स्वतःचा कर भरीत आणि नोकरांच्या पगारांतून कापलेला करही सरकारजमा करीत. त्यांतून खेड्यांतल्या मजुराची मजुरी भागे. अवर्षण पडलें तर शहराच्या पैशावर खेडें तगावें, ही त्यांतील उदात्त भूमिका होती. परंतु शहरच ओस पडलें तर काय, याचें उत्तर त्या कायद्यांत नव्हतें, कारण शहर ओस पडेल असें कोणालाच वाटलें नव्हतें.

शहरांतल्या धन्याला पगारासाठीं हात देण्याचा पहिला ठळक प्रयत्न २०१६ सालीं झाला. नवा नोकर ठेवणाऱ्या धन्याच्या वतीनें पेन्शनच्या खात्यांत भरावयाचा शेंकडा ८.३३ भाग केंद्र सरकार भरूं लागलें. एप्रिल २०१८ पासून धन्याचा संपूर्ण शेंकडा १२ भाग सरकारनें उचलला. महिना १५,००० रुपयांपर्यंतच्या नोकरासाठीं ही सवलत तीन वर्षें होती. सरकारनें पगार दिला नाहीं. पगारावरचा बोजा उचलला. पुढच्या सर्व योजनांचा सांचा येथेंच ठरला.

या सुमारास पनवेलचें रूप पालटलेलें होतें. चाकांचे कारखाने जाऊन तळोजाची औद्योगिक वसाहत आणि कळंबोलीचा लोखंडाचा बाजार उभा राहिला होता. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं महानगरपालिका झाली होती. मोठ्या कंपन्यांच्या आसपास त्यांचीं कामें करून देणारे लहान कारखाने वसले होते. लेथवर दोन माणसें, पॅकिंगला चार, टेंपोवर एक. आणि धनी स्वतः सकाळीं शटर वर करणारा.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशांत टाळेबंदी सुरू झाली. औषधांचे व जीवनावश्यक वस्तूंचे कारखाने परवानगीनें चालू राहिले. बाकीचीं शटरें खालीं आलीं. दोनच दिवसांनीं, २६ मार्चला, केंद्रानें मदतीची योजना जाहीर केली. ज्या ठिकाणीं १०० पर्यंत माणसें आहेत आणि त्यांतील शेंकडा ९० जणांचा पगार १५,००० रुपयांच्या आंत आहे, तेथें अशा कामगारांच्या फंडाचे दोन्ही भाग, मिळून शेंकडा २४, सरकार भरील, अशी ती योजना होती. प्रथम ती मार्च ते मे अशी तीन महिने होती. नंतर ऑगस्टपर्यंत वाढविण्यांत आली. मग २९ मार्चला गृह-मंत्रालयाचा हुकूम निघाला. टाळेबंदीच्या काळांत कारखाना किंवा दुकान बंद असलें, तरी धन्यानें कामगारांना ठरलेल्या दिवशीं, कपात न करतां, पगार द्यावा, असें त्यांत होतें. ३१ मार्चला महाराष्ट्र सरकारनेंही तशीच आज्ञा काढली.

या दोन कागदांचा हिशेब एकत्र मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका कारखान्यांत २० माणसें आहेत आणि प्रत्येकाचा फंडाला पात्र पगार महिना १०,००० रुपये आहे. एकूण पगार २,००,००० रुपये आणि वर धन्याचा फंडाचा भाग २४,००० रुपये, मिळून त्याचा खर्च २,२४,००० रुपये होई. सरकारनें फंडांत ४८,००० रुपये भरले. त्यांतील २४,००० रुपयांची कपात टळल्यामुळें कामगारांच्या हातीं पूर्ण पगार यावयाचा. उरलेल्या २४,००० रुपयांनीं धन्याचा भार हलका झाला. म्हणजे कारखान्यांत एक रुपयाचाही माल तयार होत नसतां धन्यानें दर महिन्याला २,००,००० रुपये द्यावयाचे होते. शिवाय योजनेची अट अशी होती कीं, धन्यानें त्या महिन्याचा पगार चुकता करून तसें प्रतिज्ञेवर लिहून द्यावें. ज्याच्याजवळ पगार देण्यास पैसे होते त्यालाच मदत पोंचली. ज्याची थैली पहिल्याच महिन्यांत रिकामी झाली, तो मदतीलाही मुकला.

दुसऱ्या देशांनीं उलट वाट धरली. ब्रिटनमध्यें घरीं बसविलेल्या कामगाराच्या पगाराचा शेंकडा ८० भाग, महिना २५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकारनें धन्याच्या मार्फत दिला आणि ती योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. ऑस्ट्रेलियानें आरंभीं प्रत्येक पात्र नोकरामागें पंधरवड्याला १५०० डॉलर दिले. ज्या इंग्लंडनें १८३४ सालीं धन्याच्या हातीं पैसे न देण्याचा निश्चय केला, त्यानेंच १८६ वर्षांनीं तो मोडला. आणि ज्या हिंदुस्थाननें तो निश्चय इंग्रजांकडून उचलला, त्यानें तो बव्हंशीं पाळला. तिजोरींतला फरक हें याचें एक कारण. परंतु तेंच एकमेव नव्हे. ब्रिटनमध्यें बहुतेक नोकरांचा पगार करखात्याच्या नोंदींतून जात असे. कोणाला किती मिळतें, हें सरकारला आधींच ठाऊक होतें. पनवेलच्या बाजारांतील पांच माणसांच्या दुकानाविषयीं तसें कोणालाच ठाऊक नव्हतें.

हुकुमाविरुद्ध कांहीं कारखानदार न्यायालयांत गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें ३० एप्रिल २०२० रोजीं, काम नाहीं तर पगार नाहीं हें तत्त्व अशा असामान्य परिस्थितींत लागूं करतां येणार नाहीं, असें मत दिलें. मात्र जेथें काम सुरू करण्यास परवानगी आहे आणि कामगार आपण होऊन येत नाहीं, तेथें कपात करण्यास मुभा ठेवली. १८ मे पासून केंद्रानें तो हुकूम मागें घेतला. १२ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें धनी व कामगार यांनीं आपापसांत बोलून तडजोड करावी, असें सांगितलें. हुकूम कायदेशीर होता कीं नव्हता, याचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं. वादाची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्यांत एक दुःखद भाग होता. लहान कारखानदार आणि त्याचा कामगार हे त्या आठवड्यांत एकाच नावेंत बसलेले होते. हुकुमानें त्यांना वादी-प्रतिवादी म्हणून समोरासमोर उभें केलें.

तडजोडीचा सल्ला येईपर्यंत पुष्कळ कामगार निघून गेले होते. महामार्गावरून माणसें डोक्यावर बोचकीं घेऊन चालत गेलीं. मे महिन्यांत पनवेल स्थानकावरून श्रमिकांच्या खास गाड्या सुटल्या. विमा-योजनेंत ज्यांचीं नांवें होतीं आणि ज्यांची नोकरी गेली, त्यांना ९० दिवसांपर्यंत अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळण्याची सोय होती. गाडींत बसलेल्यांत असे किती जण होते, हें कोणत्या वहींत पाहावयाचें? सोलापूरच्या विणकराविषयीं जें तत्त्व मान्य झालें होतें, कीं माणूस धंद्यावरून हलूं नये, तेंच येथें मोडलें. कारखाने पुन्हां उघडले तेव्हां लेथ जागच्या जागीं होती. लेथवरचा हात परमुलखांत होता.

धन्याला सरकारनें दुसरी मदत देऊं केली ती कर्जाची. ३ लक्ष कोटि रुपयांच्या कर्जांना सरकारनें हमी दिली आणि ज्यांचें बँकेंत आधींचें कर्ज होतें त्यांना शिल्लक कर्जाच्या शेंकडा २० इतकी जादा रक्कम तारणाशिवाय मिळूं शकली. यानें पुष्कळांचे व्यवहार सावरले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु पगारासाठीं काढलेलें कर्ज परत फेडावें लागतें. आणि ज्यानें सावकाराकडून किंवा नातेवाइकांकडून पैसे घेऊन धंदा मांडला होता, त्याचें नांव बँकेच्या वहींतही नव्हतें.

पुढच्या योजना जुन्याच सांच्यांतून निघाल्या. ऑक्टोबर २०२० पासून १००० पर्यंत माणसें असलेल्या ठिकाणीं पात्र नव्या नोकराच्या फंडाचे दोन्ही भाग दोन वर्षें केंद्रानें भरावे असें ठरलें. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें तरुणांना खाजगी कारखान्यांत व कचेऱ्यांत प्रशिक्षणासाठीं पाठवून, शिक्षणाप्रमाणें महिना ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपयांचें विद्यावेतन आपण देण्याची योजना काढली. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानें आणखी एक पाऊल टाकलें. जादा नोकर ठेवून तो सहा महिने टिकविणाऱ्या धन्याला प्रत्येक नोकरामागें महिना ३,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन वर्षें देण्याचें ठरलें. माल तयार करणाऱ्या कारखान्यांना ती मुदत चार वर्षांची. मदत पगारावरच्या बोजापासून हळूहळू पगाराकडे सरकत आहे, हें यावरून दिसतें. परंतु या मदती नवा माणूस ठेवण्यासाठीं आहेत. असलेला माणूस संकटांत टिकविण्याची सोय त्यांत नाहीं.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट निश्चित होते. दुष्काळी खडीच्या कामापासून फंडाच्या भरण्यापर्यंत सरकारचा पैसा नेहमीं हजेरीपटाच्या वाटेनें चालत आला आहे. जेथें नांव लिहिलेलें आहे तेथें तो कमी-अधिक पोंचतो. जेथें नाहीं तेथें पोंचत नाहीं. लहान धनी नोंदींपासून दूर राहतो याला कारणें आहेत. नोंद म्हणजे तपासनीस, नोंद म्हणजे कर, नोंद म्हणजे महिन्याकांठीं भरावयाचे कागद, हा त्याचा अनुभव आहे. सरकारलाही भीति आहे, कीं खोटीं नांवें चढतील आणि स्पीनहॅमलंडची पुनरावृत्ति होईल. दोन्ही भीति निराधार नाहींत. परंतु त्या दोहोंची किंमत ज्यानें दिली, त्याचें नांव कोणत्याच कागदावर नव्हतें.

म्हणून हें काम स्वस्थतेच्या दिवसांतच झालें पाहिजे. पांच माणसांच्या दुकानालाही सहज करतां येईल अशी नोंद असावी आणि तिच्यापाठीमागें केवळ दंड नसून हक्कही असावा. धंदा सरकारच्याच आज्ञेनें बंद राहिला तर नोंदलेल्या माणसाच्या पगाराचा ठराविक भाग ठराविक मुदतीपर्यंत सरकार देईल, एवढें वचन कायद्यांत लिहिलें गेलें, तर पनवेलचा कारखानदार हजेरीपटावर कारागिराचें नांव घालतांना हात आंखडता घेणार नाहीं. रेल्वेच्या भागधारकाला त्याच्या शेंकडा ५ व्याजाची हमी लोहमार्ग टाकण्यापूर्वींच मिळाली होती. चाकें घडविणाऱ्याच्या पणतवंडांनीं याहून अधिक कांहीं मागितलेलें नाहीं.